चहातली गोळी : मोंढ्यातल्या एका हमालाच्या दारू-उपचाराचं प्रकरण

दाखल झाल्याच्या तिसऱ्या रात्री, अडीचच्या सुमारास, वॉर्डातल्या सिस्टरांचा फोन आला. "मॅडम, चौदा नंबरचा पेशंट उशी पाठीवर घेऊन फिरायलाय. पोतं धर, पोतं धर म्हणतोय. दोघांनाही आवरत नाही." मी पोचले तेव्हा अण्णा खाटेपाशी वाकून उभे होते. उशी मानेमागे, दोन्ही हात वर करून धरलेली, गुडघे जरासे वाकलेले. पन्नास किलोचं पोतं घेऊन माणूस फळीवरून ट्रकात चढतो त्याच चालीनं ते दोन पावलं गेले, उशी खाटेवर टाकली, तळहातानं थोपटून सरळ केली, "एकतीस" म्हणाले आणि पुढचं पोतं उचलायला वळले. अंग घामानं निथळत होतं. नाडी १३२, रक्तदाब १६० वर १००, अंगात ताप. मला बघून त्यांनी विचारलं, "मापाडी कुठं गेला?"

दारू अचानक बंद झाल्यावर येणारा हा भ्रम आहे. माणूस त्यात बहुधा आपलंच रोजचं काम करू लागतो. शिंपी हवेत सुई ओवतो, ड्रायव्हर गिअर टाकतो. अण्णांनी तेवीस वर्षं मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, पोती वाहिली होती.

परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या मोंढ्यात ते हमाल आहेत, वय त्रेचाळीस. घरचे त्यांना अण्णा म्हणतात, मीही इथं तेवढंच लिहिते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत आणि लिहिण्याआधी नवरा-बायको दोघांनाही विचारलं आहे. मी मनोविकारतज्ज्ञ आहे. दारूवरच्या औषधांबद्दल आमच्या भागात जेवढे गैरसमज ऐकते, त्यातले जवळजवळ सगळे या एका घरात एकत्र भेटले. म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहावंसं वाटलं.

दाखल होण्याआधीचे तीन दिवस

अण्णा विशीपासून पीत होते. आधी बाजाराच्या दिवशी, मग हप्त्याच्या दिवशी, आणि गेली सहा वर्षं रोज. सकाळी उठलं की हात कापायचे, म्हणून कामावर जाण्याआधी एक नाइंटी. दुपारी एक, रात्री उरलेली. दिवसाला अडीच-तीन क्वार्टर. ज्या बाटलीवर ४२.८ टक्के असं छापलेलं असतं तिच्या १८० मिलीच्या एका क्वार्टरमध्ये साधारण ६० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असतं. हिशेब केला तर रोज दीडशे ते एकशेऐंशी ग्रॅम. हा आकडा मी अण्णांना नंतर कागदावर काढून दाखवला, तेव्हा ते बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिले. रोज किती पोती चढवली हे ते एका दमात सांगतात, पण हा हिशेब त्यांनी कधी मांडला नव्हता.

सोडायचा प्रयत्न झाला नव्हता असं नाही. दोन वर्षांपूर्वी शेगावची पालखी गंगाखेडवरून पुढं गेली, तेव्हा अण्णा दिंडीबरोबर परळीपर्यंत चालत गेले आणि माळ घालून आले. पाच महिने एक थेंब नाही. मग एका लग्नात मित्रांनी आग्रह केला, अण्णांनी घरी येऊन माळ काढून देवघराच्या खिळ्याला अडकवली आणि परत जाऊन प्याले. गळ्यात माळ असताना प्यायचं नाही एवढं त्यांनी पाळलं. भावकीनं "माळ मोडली" म्हणून बोल लावले आणि त्यानंतर पिणं आणखी वाढलं. माझे काही सहकारी माळेचं नाव काढलं की हसतात. मला ते पटत नाही. त्या माळेनं अण्णांना पाच महिने दिले होते, आणि इतके महिने देणाऱ्या औषधाला आम्ही चांगलं औषध म्हणतो. तिच्या जोडीला उपचार नव्हते, इतकंच.

पोळ्याच्या दिवशी अण्णा इतके प्याले की बैल मिरवायच्या वेळी ते नालीत पडलेले सापडले. मुलगी बारावीला. तिनं दोन दिवस जेवण सोडलं. त्याच आठवड्यात पाहुण्यांपैकी कुणीतरी अण्णांच्या बायकोला, म्हणजे वहिनींना, सांगितलं की मेडिकलवर एक गोळी मिळते, चहात टाकायची, कळतसुद्धा नाही, दारूची किळसच बसते. वहिनींनी गोळ्या आणल्या. चिठ्ठी कुणी मागितली नाही. खलबत्त्यात पूड केली आणि मिठाच्या डबीशेजारी एका छोट्या डबीत भरून ठेवली. ती डबी त्यांनी नंतर माझ्या टेबलावर आणून ठेवली. तळाशी अजून चिमूटभर पांढरी पूड होती.

ती गोळी डायसल्फिरामची होती. पहिल्या दोन दिवशी वहिनींनी सकाळच्या चहात अर्ध्या गोळीएवढी पूड टाकली. संध्याकाळी पिल्यावर अण्णांचं तोंड लाल झालं, डोकं दुखलं, मळमळलं. त्यांनी काय निष्कर्ष काढला? आजचा माल खराब आहे. दुकान बदललं. "फरक पडंना" म्हणून वहिनींनी तिसऱ्या दिवशी दोन गोळ्यांची पूड टाकली. त्या संध्याकाळी सातच्या सुमारास अण्णा आडत दुकानाच्या ओट्यावर कोसळले. चेहरा, मान, छाती लालबुंद, उलट्यांवर उलट्या, छातीत धडधड, श्वास लागलेला. बरोबरच्या हमालांना वाटलं विषारी दारू. जीपमध्ये घालून आधी जवळच्या एका दवाखान्यात नेलं आणि तिथून आमच्याकडे. रक्तदाब ८० वर ५०.

पहिल्या दवाखान्यात डॉक्टरांनी वहिनींना तीन वेळा विचारलं, यांनी आणखी काय घेतलंय? वहिनी गप्प. पोलीस केस होईल ही भीती, आणि नवऱ्याला कळलं तर काय होईल ही त्याहून मोठी. आमच्याकडे दाखल झाल्यावर मध्यरात्रीनंतर एका सिस्टरांनी त्यांना बाहेर पायरीवर बसवलं, पाणी दिलं, आणि काही न विचारता शेजारी बसून राहिल्या. तेव्हा त्यांनी सांगितलं. तोवर सहा तास गेले होते.

त्या गोळीनं शरीरात काय केलं

दारू यकृतात दोन टप्प्यांत मोडली जाते. पहिल्या टप्प्यात तिचं अ‍ॅसिटाल्डिहाइड होतं, ते विषारी असतं. दुसऱ्या टप्प्यातलं विकर त्याचं चटकन निरुपद्रवी आम्ल करतं. डायसल्फिराम हे दुसरं विकर बंद पाडतं. मग वर प्यालेली दारू मधल्या विषारी टप्प्यावर अडकते आणि रक्तात साठत जाते. लाली, उलटी, धडधड, रक्तदाब उतरणं हे सगळं त्यातून येतं. हृदय आधीच कमजोर असेल तर यातच माणूस दगावू शकतो.

हे मुळात रबर पक्कं करायच्या धंद्यातलं रसायन. त्या कारखान्यांतल्या कामगारांना दारू सोसत नाही हे १९३० च्या दशकातच लक्षात आलं होतं. पुढं डेन्मार्कमध्ये दोन संशोधक जंतांवरचं औषध म्हणून ते तपासत होते, स्वतःच गोळ्या घेऊन बघत होते, आणि नंतर दारू घेतल्यावर दोघंही आजारी पडले. १९४८ साली त्यांनी ते जगासमोर मांडलं. १९५१ पासून अमेरिकेतही ते दारूवरचं अधिकृत औषध आहे. म्हणजे औषध जुनं आहे, खरं आहे आणि योग्य माणसाला उपयोगीही पडतं. पण त्याचं सगळं काम एका गोष्टीवर चालतं : घेणाऱ्याला माहीत असलं पाहिजे. "आज गोळी घेतली आहे, आता प्यालो तर त्रास होईल," हा विचार पिण्याच्या आधी मनात यायला हवा. तोच माणसाला गुत्त्याच्या दारातून मागे वळवतो. माहीतच नसेल तर गोळी फक्त शरीराला त्रास देते, मनापर्यंत काहीच पोचत नाही. अण्णांनी दुकान बदललं ते यामुळेच.

आमच्या भागात भिंतींवर "न सांगता दारू सोडवा" असं रंगवलेलं दिसतं. त्या पुड्यांत काय असतं ते मला सांगता येणार नाही. पण घरातली बाई ज्या अगतिकतेनं त्या पाटीपाशी थांबते, तिला दोष द्यायला माझी जीभ वळत नाही. २०१९ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात असं दिसलं होतं की दारूचं अवलंबित्व असलेल्या अडतीस जणांमागे फक्त एकाला कुठला ना कुठला उपचार मिळालेला असतो. उरलेल्या सदतीस घरांत कुणीतरी काहीतरी करून बघत असणारच.

डायसल्फिराम बंद केल्यावरही त्याचा परिणाम दोन आठवड्यांपर्यंत राहू शकतो. म्हणून अण्णांच्या केसपेपरवर आम्ही मोठ्या अक्षरांत लिहिलं : चौदा दिवस अल्कोहोल असलेलं खोकल्याचं औषध नाही, आणि मेट्रोनिडाझोल नाही. जुलाबासाठी सर्रास दिली जाणारी ही गोळी डायसल्फिरामबरोबर पडली तर माणसाला भ्रम होऊ शकतो.

तिसरी रात्र

भ्रम कशाचा, हा त्या रात्रीचा खरा प्रश्न होता. शक्यता चार. दारू तुटल्याचा, डायसल्फिरामचा, यकृत निकामी होत असल्याचा, किंवा थायमिन या जीवनसत्त्वाच्या कमतरतेनं मेंदूला होणाऱ्या इजेचा. शेवटचा प्रकार दारुड्यांमध्ये ओळखायचा फार राहून जातो. बोटामागे डोळे फिरवायला सांगितले, ते नीट फिरले, म्हणजे थायमिनची शक्यता कमी. हात पुढं करायला लावले, मनगट फडफडलं नाही, म्हणजे यकृताचीही कमी. बारीक थरथर मात्र जोरात होती. साखर ९६. शेवटचा घोट पोटात गेल्याला पंचावन्न तास झाले होते. दारू तुटल्यावर हातांची थरथर काही तासांत सुरू होते, फिट साधारण सहा ते अठ्ठेचाळीस तासांत येऊ शकते, आणि घाम-ताप-भ्रम असं पूर्ण चित्र दुसऱ्या ते चौथ्या दिवसात उभं राहतं. दारू तुटण्याशी सगळं जुळत होतं.

लोराझेपाम या मेंदू शांत करणाऱ्या औषधाची इंजेक्शनं सुरू केली. या कामाला डायझेपाम आणि क्लोरडायझेपॉक्साइडही वापरतात, पण यकृत बिघडलेलं असेल तर ती शरीरात जास्त रेंगाळतात. अण्णांच्या यकृताच्या तपासण्यांत एसजीओटी १६८ आणि एसजीपीटी ७४ होती. पहिली दुसरीच्या दुपटीहून जास्त, हे दारूच्या यकृताचं नेहमीचं चित्र. सोनोग्राफीत यकृतावर चरबी, पोटात पाणी नाही. मूत्रपिंडं उत्तम.

थायमिनबद्दल एक गोष्ट मनापासून सांगायची आहे. रोज पिणाऱ्या माणसाला ग्लुकोजची सलाईन लावण्याआधी, निदान तिच्याबरोबर, थायमिनचं इंजेक्शन द्यायलाच हवं. ग्लुकोज वापरायला शरीराला थायमिन लागतं. साठा आधीच संपलेला असेल तर उरलंसुरलंही त्यात जातं आणि मेंदूला कायमची इजा होऊ शकते. अण्णांना पहिल्या दवाखान्यात नुसतं ग्लुकोज लागलं होतं. नशिबानं काही झालं नाही. इंजेक्शन साधं असतं, ते न दिल्यानं जन्माची स्मृती गेलेली माणसं मी पाहिली आहेत.

दोन दिवस सगळे जागे होतो. पाचव्या दिवशी अण्णांनी वहिनींना ओळखलं आणि विचारलं, "सोयाबीन आलं का?"

सांगायचं कुणी

सातव्या दिवशी अण्णा पूर्ण भानावर होते. आता त्यांना सांगायला हवं होतं. वहिनींची विनवणी होती की दारूमुळंच झालं म्हणा, गोळीचं काढू नका. मी नाही म्हटलं. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ मध्ये दारूशी निगडित मानसिक आजारही येतात, आणि रुग्णाची माहितीपूर्वक संमती हा त्या कायद्याचा पाया आहे. पण कायदा बाजूला ठेवला तरी पुढचे सगळे उपचार गोळ्यांवरच उभे राहणार होते. पहिली गोळी लपवून दिलेली आहे हे दडवून दुसरी गोळी मी कोणत्या तोंडानं दिली असती?

वहिनींनीच सांगितलं, मी शेजारी बसले. त्यांना दोनच वाक्यं बोलता आली. अण्णा छताकडे बघत पडून होते. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "मॅडम, मला मारायचं होतं का हिला?" वहिनी म्हणाल्या, "मारायचं असतं तर वाचवायला कामून पळाले असते?" पुढचा अर्धा तास कुणी बोललं नाही. मी तिथंच बसून राहिले. त्या अर्ध्या तासात काही समजावत बसले नाही, ते बरं केलं असं मला आजही वाटतं.

सहा गोळ्यांचं औषध

तलफ कमी करणाऱ्या औषधांमध्ये आज दोन नावं सर्वांत भक्कम आहेत, अकॅम्प्रोसेट आणि नाल्ट्रेक्सोन. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२३ साली दोन्ही आपल्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतली. दोन्हींवर दारू प्यालं तर उलट्या होत नाहीत, दोन्हींची नशा चढत नाही, सवय लागत नाही. "एक व्यसन सोडून दुसरं लावताय," असं नातेवाईक म्हणतात ते या औषधांबाबत चुकीचं आहे.

अण्णांसाठी मी आधी अकॅम्प्रोसेट निवडलं. ते यकृतावर भार टाकत नाही, मूत्रपिंडातून जसंच्या तसं बाहेर पडतं, आणि अण्णांची मूत्रपिंडं ठणठणीत होती. वर्षानुवर्षं दारू पिऊन मेंदूतली उत्तेजना आणि शांतता यांची तोल बिघडलेली घडी हे औषध हळूहळू बसवतं असं मानलं जातं. झोप नाही, आतून तगमग, विनाकारण चिडचिड, सोडल्यानंतरचे हे आठवडे त्यानं सुसह्य होतात. डोस ३३३ मिलिग्रॅमच्या दोन गोळ्या, दिवसातून तीनदा. रोज सहा.

डायसल्फिराम उघडपणे, संमतीनं द्यायचा मार्गही होता. अण्णांनी हात जोडले, "ती गोळी नको." वहिनीही नको म्हणाल्या. विषय तिथंच संपला. यकृत याहून बिघडलेलं असतं तर मी बॅक्लोफेन या आणखी एका औषधाचा विचार केला असता. २००७ साली यकृत आकसलेल्या रुग्णांवरच त्याचा अभ्यास झाला आहे.

पहिले काही आठवडे उत्तम गेले. हात कापायचे थांबले. हमालांमध्ये पोत्याचं तोंड शिवायचं काम हलकं मानतात, पण अण्णांना ते गेल्या काही वर्षांत जमतच नव्हतं, कारण सकाळी दाभणात सुतळी जायची नाही. एका भेटीत त्यांनी खिशातून दाभण काढलं, सुतळीचं टोक थुंकीनं ओलं करून वळलं आणि माझ्यासमोर पहिल्या झटक्यात ओवून दाखवलं. मग दाभण परत खिशात ठेवून म्हणाले, "नाडी बघा आता."

मग दसरा आला आणि सोयाबीनची आवक सुरू झाली. पहाटे पाचला गाड्या लागतात, रात्री नऊलाही काटा चालू असतो. सकाळच्या दोन गोळ्या घरी, रात्रीच्या दोन घरी, दुपारच्या दोन मोंढ्यात. शर्ट घामानं भिजलेला, पट्टी खिशात ठेवली तर तिचा चुरा. दुकानात ठेवली तर "बीपी आहे का रे तुला?" म्हणून चौकशी. दुसऱ्या महिन्याची पट्टी अण्णांनी माझ्यासमोर ठेवली तेव्हा दुपारच्या रांगेतल्या बहुतेक गोळ्या तशाच होत्या. मी ती पट्टी बघितली आणि "दुपारच्या चुकवू नका बरं" एवढंच म्हणून सोडून दिलं. ही माझी चूक होती. दुपारी गोळी घेणं ज्याच्या जगण्यात बसतच नाही, त्याला सूचना देऊन काय होणार? औषध बदलायचा विचार त्याच दिवशी करायला हवा होता.

दिवाळीला आडत्यांनी हमालांना पैसे वाटले. अण्णा तीन दिवस प्याले.

चौथ्या दिवशी ते स्वतः आले

मुलीनं टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर फोन लावून विचारलं होतं की आता काय करायचं. पण दवाखान्यात अण्णा एकटेच आले, मोटारसायकलवर मागे बसून. "मॅडम, मोडली," म्हणाले. माळेसाठी वापरतात तोच शब्द.

मी त्यांना सांगितलं की हा आजार परतून येणारा आहे. उसळलेल्या साखरेच्या पेशंटला आपण पापी म्हणत नाही, औषध बदलतो. या औषधांची ताकद किती तेही खरं सांगितलं. २०१४ साली ‘जामा’ या अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या मोठ्या आढाव्यात असं दिसलं की अकॅम्प्रोसेट साधारण बारा जणांना दिलं तर त्यातल्या एकाचं दारूकडे परतणं निव्वळ गोळीमुळे टळतं. नाल्ट्रेक्सोनचाही तसाच आकडा आहे, पण तो बेसुमार पिण्याकडे परतण्याबाबत. बाकीच्या अकरांमध्ये काही जण गोळीशिवायही सोडतात, काहींना दुसरा मार्ग लागतो. बऱ्याच रोजच्या औषधांचे आकडे याहून फार चांगले नसतात. आम्हीच हे रुग्णांना सांगत नाही, आणि मग एकदा घसरल्यावर ते "औषध फेल" म्हणून कायमचे निघून जातात.

तपासण्या केल्या. एसजीओटी ५२, एसजीपीटी ४१. आता नाल्ट्रेक्सोन देता येत होतं : ५० मिलिग्रॅम, दिवसातून एकदा, घरातून निघायच्या आधी. दारू प्यालं की मेंदूत अफूसारखे नैसर्गिक पदार्थ सुटतात आणि त्यांतून मजा येते. ते पदार्थ जाऊन ज्या कुलपांत बसतात, ती कुलपं नाल्ट्रेक्सोन अडवून बसतं. प्याली तरी पहिल्यासारखा आनंद येत नाही. अमेरिकेत दारूसाठी त्याला १९९४ साली मान्यता मिळाली.

चिठ्ठी लिहायच्या आधी मी नेहमीचा प्रश्न विचारला, आणखी कुठल्या गोळ्या चालू आहेत? "काही नाही." मग म्हटलं, पाठ दुखते तेव्हा? अण्णांनी पायजम्याच्या खिशातून घडी घातलेली कॅरीबॅग काढून टेबलावर रिकामी केली. अ‍ॅसिडिटीच्या गोळ्या, एक बामची डबी, आणि तीन अर्धवट पट्ट्या. त्यातल्या दोन ट्रामाडोलच्या. मोंढ्याजवळच्या दुकानातून, रोज दोन, दोन वर्षांपासून. दाखल होण्याच्या वेळीही चालू होत्या आणि आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं.

ट्रामाडोल अफूच्या कुळातलं. ते चालू असताना नाल्ट्रेक्सोन दिलं असतं तर काही मिनिटांत माणूस तळमळायला लागला असता : पोटात मुरडे, जुलाब, अंगभर वेदना, घबराट. शिवाय ट्रामाडोलनं फिट यायचा धोका वाढतो, आणि दारू तुटलेल्या माणसाला तो आधीच असतो. अंगमेहनत करणाऱ्या माणसाची कॅरीबॅग रिकामी करून बघितल्याशिवाय नाल्ट्रेक्सोनची चिठ्ठी लिहायची नाही, हे मी त्या दिवसापासून ठरवलं आहे. हमाल असो, ऊसतोड कामगार असो की गवंडी, त्यांच्याकडे "पाठीची गोळी" असतेच, आणि ते तिला औषध समजत नाहीत म्हणून विचारल्यावर सांगत नाहीत.

ट्रामाडोल हळूहळू कमी करून बंद केलं. त्यानंतर दहा दिवस थांबलो. हे दिवस अण्णांना दारूपेक्षा जड गेले. फिजिओथेरपिस्टनं पोतं उचलताना कमरेऐवजी गुडघ्यांवर जोर द्यायला शिकवलं. टोळीच्या मुकादमाला अण्णांनी स्वतः सगळं सांगितलं, आणि त्यानं तीन आठवडे त्यांना शिवणीवर ठेवलं. मुकादमाचा भाऊ दारूनं गेलेला होता हे मला नंतर कळलं.

नाल्ट्रेक्सोन सुरू झाल्यावर पहिले चार दिवस मळमळ, मग काही नाही. पट्टीवर प्रत्येक गोळीच्या मागे अण्णा बॉलपेननं तारीख घालतात. रविवारी वहिनी पट्टी मोजतात, आणि त्यांनी मोजावी असं अण्णांनीच सुचवलं. त्यांच्या पाकिटात एक कागद आहे : हे औषध चालू आहे, अपघात किंवा ऑपरेशन झालं तर अफूच्या कुळातली वेदनाशामकं लागू पडणार नाहीत.

वैशाखात एका लग्नात ते पुन्हा प्याले. दुसऱ्या दिवशी सांगायला आले तेव्हा चेहऱ्यावर अपराधापेक्षा नवल जास्त होतं. "क्वार्टर घेतली, अर्धी पिली, अन् ठेवून दिली. काही लागलंच नाही मॅडम. माझ्या हयातीत बाटलीत कधी उरली नव्हती." नाल्ट्रेक्सोन काय करतं ते मी पुस्तकाच्या भाषेत पन्नास वेळा समजावलं असेल, इतकं नेमकं मला कधी सांगता आलेलं नाही.

वर्षभर गोळी चालली. तीन-तीन महिन्यांनी यकृत तपासलं, सगळं आटोक्यात. मग आम्ही तिघांनी बोलून ती थांबवली आणि तलफ वाढली तर त्याच दिवशी पुन्हा सुरू करायची असं ठरलं. थांबवून आता तीन महिने झाले. मुलगी नांदेडला शिकते. आषाढात अण्णांनी माळ पुन्हा घातली, गळ्यात आहे.

गेल्या महिन्यात त्या भागात गेले होते म्हणून त्यांच्या घरी थांबले. वहिनींनी माझ्यासाठी आणि स्वतःसाठी चहा केला. आमचे कप भरून झाल्यावर अण्णा उठले, पातेलं धुतलं, पाणी मोजून घेतलं, चहापत्ती घातली आणि आपला चहा वेगळा केला. वहिनी काही बोलल्या नाहीत. दाखल झाल्यापासून रोज असंच चाललं आहे, हे त्यांनी मला दारापर्यंत सोडायला आल्यावर सांगितलं.